दुसरा ठिपका

इंजिनाचा दिवा लागत नाही, अशी रड घेऊन लोक माझ्याकडे येतात. इंजिन म्हणजे वीतभर लांबीचं. त्याला खेळणं म्हटलेलं त्यांना चालत नाही, मॉडेल म्हणायचं. बरं, मॉडेल. आत पेराएवढी मोटर असते आणि तिच्या डोक्यावर मी डिकोडर बसवतो. डिकोडर म्हणजे नखाएवढी पाटी. रुळांतून आलेला हुकूम ती वाचते आणि मोटरला सांगते तू चाल, दिव्याला सांगते तू लाग. एकाच रुळावर चार इंजिनं उभी असली तरी ज्याचा हुकूम त्यालाच कळतो. आपल्या घरात हे कधी जमलं नाही, असं ताई म्हणते.

मोटर सहसा त्रास देत नाही. नाकी नऊ आणतात ते दिवे. निळी वायर सगळ्या दिव्यांची सामाईक, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्याची. एवढं साधं आहे. तरी दहातल्या आठांनी एलईडी उलटा जोडलेला असतो, नववा रेझिस्टर घालायला विसरतो आणि त्याचा दिवा एकदाच झगकन लागून कायमचा डोळे मिटतो. दहावा म्हणतो, दिवा आपोआप लागतो हो, काहीतरी भुताटकी आहे. त्याला मी चहा देतो आणि इंजिन उघडून दाखवतो. कुठेतरी वायरचं साल निघालेलं असतं आणि तिथे ती लोखंडाला टेकलेली असते.

माझी एक सवय आधीच सांगून ठेवतो. विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तपासणीवर होतो. तिथल्या फोरमनची पद्धत माझ्या हाडात मुरली आहे. तपासायला घेतलेल्या कामावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, मोहरीएवढा. काम पास झालं की त्याच्या शेजारी दुसरा. दोन ठिपके म्हणजे सुटलं, जाऊ द्या. एकच ठिपका म्हणजे अजून तपासणीत आहे, पुन्हा आत पाठवायचं. आणि पास केलेल्या कामात नंतर खोट सापडली, तर दुसरा ठिपका थिनरच्या बोळ्याने पुसायचा. पहिल्याला हात लावायचा नाही. घरातल्या मिक्सरवर, इस्त्रीवर, भिंतीवरच्या घड्याळावर माझे दोन-दोन ठिपके आहेत. ताई पाहुण्यांना सांगते, आमच्याकडे चहासुद्धा पास होऊन बाहेर येतो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नकाशे काढायच्या कचेरीत तिने उभी हयात घालवली. केसाएवढी रेघ हातभर ओढायची आणि ती कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला न्हाऊमाखू घालण्यापासून नोकरीचा अर्ज लिहून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. लग्न दोघांचंही राहिलं. तुझी सोयरीक त्या सोल्डरच्या धुराशीच व्हायची होती, असं ती म्हणते. मी तिचं काय राहिलं ते कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती दाराच्या चौकटींना धडकायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवलं आणि एक कागद छापून दिला. मोठा गोल, त्याच्या कडेला काळी किनार. दर चार महिन्यांनी नवा कागद मिळे. किनार आत सरकत गेली. मधलं पांढरं बशीएवढं झालं, मग वाटीएवढं, आणि या वर्षीच्या पहिल्या कागदावर ते शर्टाच्या बटणाएवढं उरलं होतं.

"यांना बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसत असणार," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "सहा महिने धरा. फार तर आठ."

त्या दिवशी घरी येताना ताई माझा दंड धरून चालत होती आणि मी मनात एकच गोष्ट घोळवत होतो. हिला दिसेनासं झालं की मला पाहणारं जगात कुणी उरणार नाही. स्वार्थी विचार होता. पण होता तो असा होता.

जेवणघरातलं टेबल आम्ही केव्हाच माळ्यावर टाकलं होतं. तिथे आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवूड, त्यावर रुळांचा एक मोठा लांबट फेरा, एक स्टेशन आणि एका बाजूला डोंगर. रूळ माझे, डोंगर ताईचा. तारेची जाळी, वर्तमानपत्रं आणि प्लॅस्टर लावून तिने तो उभा केला तेव्हा तिची नजर शाबूत होती. डोंगरातून बोगदा. एक तोंड खिडकीकडे, एक दाराकडे, मधे सरळसोट बेचाळीस सेंटिमीटर. दाराकडच्या तोंडाला डोळा लावला की पलीकडे खिडकीची कडी दिसे.

"खुडबुड्या," ताई म्हणाली. हे माझं घरातलं नाव. "एक काम कर. एखाद्या इंजिनाला चांगला दिवा बसव. ते खिडकीकडून आत घाल. मी दाराकडच्या तोंडाशी हनुवटी टेकून बसते."

"आणि?"

"कुठल्याही गोष्टीचं मला आता मधलंच दिसतं. तुझं नाक दिसतं, कान दिसत नाहीत. पण अंधारातून समोर येणाऱ्या दिव्याला कडा नसतातच. तेवढी एक तरी वस्तू मला अख्खी दिसेल."

 मी चार दिवसांची सगळी कामं बाजूला सारली.

निवडलं ते डिझेल इंजिन. दोन्ही टोकांना सारखीच केबिन, सारखाच रंग, पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं ते दिव्यावरूनच कळावं. दोन्ही टोकांना पांढरे एलईडी, प्रत्येकाला आपापला रेझिस्टर, उरलेल्या वायरी टेपने बंद. पुढे हाकलं की पुढचा दिवा लागे, मागे हाकलं की मागचा. बाकावर सगळं चोख झालं.

पहिल्या फेरीला ताई हनुवटी टेकून बसली. इंजिन खिडकीकडून आत गेलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. आधी तिच्या बुबुळात सुईच्या टोकाएवढा प्रकाश आला, हळूहळू मोठा झाला, आणि मग इंजिन तिच्या नाकासमोरून बाहेर पडलं. ती हसली. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसली होती.

"छान आहे रे," ती म्हणाली. "पण वेळ किती लागतो."

त्या वेगाने बेचाळीस सेंटिमीटरला सात सेकंद पुरायला हवे होते. घड्याळ लावून पाहिलं तर अकरा लागले. आतले रूळ मळले असणार. काठीला रबर बांधून मी ते घासून काढले. मग लागले चौदा.

"दिवा मंद आहे का सुरुवातीला?" मी विचारलं.

"मंद नाही. लांब आहे. मैलभर लांब असावा तसा."

मी गुडघे टेकून तिच्या शेजारी वाकलो आणि दाराकडच्या तोंडाला डोळा लावला. आत काळोख होता. भर दुपारचे तीन वाजले होते, पलीकडे खिडकी उघडी होती, आणि तिची कडी काही दिसत नव्हती. मी तसंच वाकून इंजिन आत सोडलं. बऱ्याच वेळाने अगदी खोलवर एक पांढरा बिंदू उमटला. तो किंचित थरथरत होता, लांबचा दिवा थरथरतो तसा. मी उठलो. प्लॅस्टरचा पोपडा सुटून आड आला असेल, असं म्हणालो आणि चहा टाकायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन खिडकीकडून आत गेलं आणि खिडकीकडूनच बाहेर आलं. पुढे दिवा लागलेला, शांतपणे माझ्याकडे येत होतं. मी मागे यायचा हुकूम दिलेला नव्हता.

यालाही कारण असतं. डिकोडरला हुकूम नसतानाही जुन्या साध्या करंटवर चालायची मुभा दिलेली असते. रुळात क्षणभर खंड पडला की त्याचा गोंधळ उडतो, इंजिन दिशा बदलतं आणि मागच्या टोकाचा दिवा लागतो. दोन्ही दिवे पांढरे, म्हणून आपल्याला ते पुढूनच आलं असं वाटतं. मी ती मुभा बंद केली, रुळांचे सांधे पुन्हा सोल्डर केले. इंजिन आत गेलं आणि तिथूनच परत आलं.

मग मी जे कारखान्यात केलं असतं ते केलं. पुढच्या टोकाच्या छपरावर पांढरा ठिपका दिला. मागे हटत येत असेल तर ठिपका मागे राहील. इंजिन ठिपका पुढे करून आत गेलं. मी घड्याळ धरून उभा. वीस सेकंद, तीस. एकेचाळिसाव्या सेकंदाला ते बाहेर आलं.

ठिपका पुढेच होता.

इंजिन वीस सेंटिमीटर लांब, बोगदा दहा सेंटिमीटर रुंद. आत पेन्सिलसुद्धा फिरवता येत नाही. मी दोन्ही बाह्या वर केल्या, डोंगराला मिठी मारली आणि एक हात खिडकीकडून, एक दाराकडून आत घातला. कोपरापर्यंत. माझी बोटं एकमेकांना लागायला हवी होती. लागली नाहीत. दोन्ही हातांवरून गार वारा वाहत होता आणि नव्या सिमेंटसारखा ओलसर वास येत होता. आयुष्यात मला इतकं मूर्ख कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी भीतीही.

"हात काढ," ताई शेजारून शांतपणे म्हणाली. "तिथे काम चालू आहे."

"कसलं काम?"

"इंजिनं वळवायचं. मोठी गोल चकती आहे, दोन माणसं ढकलतात. थांब, काढून दाखवते."

तिने कागद आणि पेन घेतलं. गेली दोन वर्षं ताई चित्र काढे ते कागदाच्या मधोमध, मुठीएवढ्या जागेत. तेवढंच तिला दिसे. आज तिचा हात कागदभर फिरला. गोल चकती आली, तिच्यापलीकडे लांबलचक शेड, दिव्याचे सोळा खांब. डाव्या कडेला पाठमोरा माणूस, उजव्या कडेला एक लांब बाक आणि त्यावर ओळीने ठेवलेल्या वस्तू. रेघ कुठे जाड नव्हती, कुठे बारीक नव्हती. कागद संपला तिथेच चित्र संपलं.

"हे तुला दिसतं?"

"कडेपासून कडेपर्यंत," ती म्हणाली. तिने कागद माझ्या हातात दिला. "खुडबुड्या, मला तिथे कडा दिसतात."

मी तो बोगदा त्याच दिवशी बुजवायला हवा होता. अक्कल सांगत होती, हातात प्लॅस्टरचा डबाही घेतला होता. पण तुमची बहीण इतक्या आनंदात असती तर तुम्ही बुजवला असता का? मी डबा ठेवून दिला. ती सकाळी चहा झाला की तिथे जाऊन बसे आणि उन्हं कलेपर्यंत उठत नसे. आत काय चाललंय ते मला सांगे. आज शेडमध्ये झाडलोट चाललीय. आज त्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, भला वाटतो. मी शेजारी बसून लोकांची इंजिनं दुरुस्त करे. खरं सांगतो, ते आठ-दहा दिवस आमचे फार सुखात गेले. डुलकीत असल्यासारखे.

गुरुवारी मला कुरिअरच्या कचेरीत जावं लागलं. तासाभराचं काम. परत आलो तेव्हा इंजिन रुळावर उभं होतं, दिवा बंद. ताई खिडकीजवळ उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

"आलास? ती छत्री दाराबाहेर ठेव, ठिबकतेय," ती म्हणाली, आणि मग वळली.

छत्री माझ्या डाव्या हातात होती, गुडघ्याच्या खाली. बोलताना तिची पाठ होती, आणि वळल्यावरही छत्री तिच्या डोळ्यांच्या अगदी कडेलाच असणार. मी तिथेच उभा राहिलो. खिशातली किल्ली काढून तिच्या उजव्या बाजूला फेकली. तिने ती बघताबघता झेलली.

"वेडा झालास का," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र दोनदा बंद करून चालू केलं. तिसऱ्यांदा कागद छापला तोही पांढराशुभ्र. काळी किनार औषधालासुद्धा नव्हती. "असं होत नाही," त्या म्हणाल्या. "आमचं यंत्रच तपासायला हवं." मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि रडलो, चांगला हुंदके देऊन. ताई माझ्या पाठीवर हात फिरवत होती. समोरच्या म्हातारबुवांनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं माझ्याच डोळ्यांचं काहीतरी वाईट निघालं.

त्यानंतर ताई बोगद्याशी बसली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आत्ताच तर आले तिथून." मी हसलो, तीही हसली. ती पुन्हा भाजी चिरायला लागली, पेपर वाचायला लागली, माझ्या कॉलरचा मळ दाखवायला लागली. एकच बारीकशी गोष्ट होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ती उंबऱ्याशी क्षणभर थांबे. कुणीतरी हो म्हणेल मग जाऊ, अशी. चौकटींना धडकायची सवय, ती जाता जाईना, असं मी स्वतःला समजावलं.

ताईच्या गळ्यात एक बारीक साखळी असते. मागची कडी लावायचं काम तिने तीन वर्षांपासून माझ्याकडे दिलेलं. बारीक कामाला तुझाच हात, म्हणे. आता तिला आरशात नीट दिसतं, तरी काल सकाळी आंघोळ करून आली आणि नेहमीसारखी माझ्यासमोर पाठ करून बसली. मी ओले केस बाजूला केले.

मानेच्या खळग्यात, केसांच्या रेषेखाली, पांढरा ठिपका होता. मोहरीएवढा, गोल, सुकलेला.

माझ्याच बाटलीतला उडाला असेल म्हणून मी नखाने खरवडला. थिनर लावलं. हलला नाही.

"काय करतोयस?" ताई म्हणाली.

"काही नाही. रंग लागलाय."

मी शेजारची कातडी बोटाने चाचपली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दुसरा नव्हता.

दुपारी ती पडली असताना मी बोगद्याची दोन्ही तोंडं प्लॅस्टरने बुजवली. चार-चार बोटं जाड थर दिला. रुळांच्या वायरी कापल्या. इंजिन उघडून डिकोडर काढला, दिवे काढले, सगळं वेगवेगळ्या डब्यांत घातलं. मग माझा बारीक ब्रश घेतला. ताई कुशीवर झोपली होती, शांत श्वास चालला होता. तिचा श्वास बाहेर गेला त्या क्षणी मी ब्रश टेकवला.  ठिपका बरोबर पडला, पहिल्याच्या शेजारी, त्याच मापाचा. पास. सुटली. जाऊ द्या. मी तिथेच बसून तो पूर्ण सुकू दिला.

आज सकाळी आधी जेवणघरात जाऊन पाहिलं. प्लॅस्टर दगडासारखं घट्ट झालं होतं, कुठे तडा नाही.

ताई साखळी घेऊन आली आणि उंबऱ्याशी थांबली. मी "ये" म्हटल्यावर आत आली, पाठ करून बसली.

मी केस बाजूला केले. मानेला थिनरचा वास येत होता. पहिला ठिपका जागेवर होता.

माझा पुसलेला होता.